हातचा राहून जातो

दोन वर्षांपूर्वीची २० तारीख. जीएसटीचं काम करणाऱ्यांना २० तारीख म्हणजे काय ते सांगायला नको, थ्रीबी रिटर्न, म्हणजे महिन्याच्या कराचा हिशोब, भरायचा शेवटचा दिवस, पोर्टल नेमकं त्याच दिवशी रखडतं आणि ऑफिसमधे सगळ्यांना त्याच दिवशी काही ना काही आठवतं. माझ्या एका कानात इअरफोन होता, त्यात मीटिंग चालू होती, समोर एक्सेल, बाजूला पोर्टल, आणि फोनवर मुलाच्या शाळेच्या ग्रुपमधे प्रोजेक्टला थर्माकोल चालेल की पुठ्ठाच पाहिजे यावर पंचवीस मेसेज येऊन पडलेले. मीटिंगमधे कोणीतरी माझं नाव घेतलं, मी "हो सर, बघते" म्हटलं आणि त्याच वेळी क्रेडिटचा, म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या आणि देय करातून वजा होणाऱ्या कराचा, आकडा टाकला. ३,६८,४०० च्या जागी ३,८६,४००. ओटीपी टाकला, फाइल झालं, मी निवांत चहा प्यायला गेले.

थ्रीबी एकदा भरलं की रिवाइज करता येत नाही, चूक पुढच्या महिन्यात सुधारायची. पण आधी ती सापडायला तर पाहिजे. महिनाअखेरीला पुस्तकं जुळवताना १८,००० चा फरक यायला लागला आणि मी दोन दिवस एकेक बिल उलटंपालटं करत बसले. रविवारी नागपूरच्या महाल भागात बाबांकडे गेले तेव्हा सहज बोलून गेले. बाबा इतवारीत धान्याच्या एका ठोक दुकानात चौतीस वर्षं मुनीम होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. त्यांनी फरक विचारला, मग म्हणाले, "नऊने जातो का पाह्य." जात होता, दोन हजार वेळा. "मंग आकडे उलटे झाले तुह्ये. लगतचे दोन आकडे अदलाबदल झाले की फरक नेहमी नऊने जातो." आणि मग चष्मा पुसत विचारलं, "तेव्हा कोणाशी बोलून राह्यली होतीस?"

त्या प्रश्नाने मला खरंच गप्प केलं. चूक कुठे झाली हे शोधायला मी दोन दिवस घातले, ती का झाली हे त्यांना आकडा न बघता कळलं.

जास्तीचं घेतलेलं क्रेडिट पुढच्या महिन्यात उलटवलं, वापरलं गेलं होतं म्हणून व्याजही भरलं, साहेबांचं ऐकून घेतलं. ते सगळं झालं. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली आहे आणि ती मला मोठ्याने बोलायची आहे, की मल्टिटास्किंग नावाचा जो गुण आपण सगळीकडे मिरवतो तो गुण नाहीच, तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणीतरी आपल्यावर टाकलेला भार असतो, आणि त्याला गुण म्हटल्यामुळे टाकणारा मोकळा होतो आणि चूक झाली की ती एकट्या आपली ठरते.

शब्दच बघा ना. मल्टिटास्किंग हा शब्द माणसांसाठी तयारच झाला नव्हता, १९६० च्या दशकात कॉम्प्युटरच्या संदर्भात तो वापरात आला. आणि गंमत नाही, खरी गोष्ट सांगते, एकच प्रोसेसर असलेला कॉम्प्युटरसुद्धा दोन कामं एका वेळी करत नव्हता. थोडं हे, थोडं ते, असं इतक्या भराभर बदलायचा की बघणाऱ्याला दोन्ही सोबत चालल्यासारखं वाटावं. प्रत्येक वेळी काम बदलताना आधीचं कुठे थांबलं ते नीट लिहून ठेवायचा, नवीन काम उघडायचा, परत येताना लिहिलेलं वाचायचा. या बदलण्यालाही वेळ लागतो, मशीनलासुद्धा. फरक एवढाच की मशीन लिहून ठेवतं. आपण लिहून ठेवत नाही, आपण फक्त उडी मारतो.

बाबांची बेरीज मी लहानपणी दुकानात बसून पाहिलेली आहे. किर्दीच्या ओळीखाली फूटपट्टी ठेवायची, रकान्यात वरून खाली यायचं, ओठ हलताहेत पण आवाज नाही, आणि हातचा पानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक लिहायचा. मधेच हमाल यायचा, गिऱ्हाईक यायचं, कधी खुद्द शेठ यायचे. बाबांचा डावा हात वर जायचा, तळवा समोर, बस. मान वर नाही, रागही नाही. रकाना संपायचा, बेरीज शाईने लिहिली जायची, फूटपट्टी त्याच ओळीवर राहायची, मग चष्म्याच्या वरून त्या माणसाकडे पूर्ण बघत म्हणायचे, "बोला." समोरचा दहा-पंधरा सेकंद थांबलेला असायचा पण नंतर त्याला अख्खे बाबा मिळायचे. शेठसुद्धा थांबायचे, कारण त्यांना माहीत होतं की हातचा राहिला तर नुकसान दुकानाचं आहे.

आता याच आकडेमोडीवरचा एक जुना प्रयोग आहे. १९२७ साली आर्थर जर्सिल्ड नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने लोकांना एकाच प्रकारचं काम सलग करायला दिलं आणि मग दोन प्रकारची कामं आलटूनपालटून करायला दिली, म्हणजे एका आकड्यात मिळवायचं, पुढच्यातून वजा करायचं, असं. आलटूनपालटून करताना वेळ जास्त लागला. मोबाइल सोडा, टीव्हीही घराघरात नव्हता तेव्हाची ही गोष्ट आहे. म्हणजे दोष मोबाइलचाच आहे असंही नाही, आपलं डोकं असंच बनलेलं आहे, मोबाइलने फक्त उड्या मारायच्या जागा वाढवून ठेवल्या.

पटत नसेल तर घरीच करून पाहा. कागदावर क पासून ञ पर्यंत दहा अक्षरं लिहा, मग खाली १ ते १० लिहा, किती सेकंद लागले ते बघा. आता पुन्हा तेच लिहा पण क, १, ख, २, ग, ३ असं. तीच वीस चिन्हं, तोच हात, तोच पेन. मी ऑफिसमधे चार जणांकडून करून घेतलं, चौघांचाही वेळ वाढला आणि दोघं झ च्या आसपास अडकले, कितवं अक्षर चालू आहे तेच सुटलं. आणि हे तर पहिलीचं लिहिणं आहे, इथे कोणाचा पगार, कोणाचा औषधाचा डोस, कोणाचा कर नाही.

२००९ मधे स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी टीव्ही, चॅट, गाणी, ईमेल असं सगळं एकदम वापरणारे आणि कमी वापरणारे, अशा दोन गटांची तुलना केली. मला वाटलं होतं की सवयीने जमत असेल, रोज करणारे निदान कामं बदलण्यात तरी तयार झाले असतील. उलटंच निघालं, नको ती माहिती बाजूला ठेवण्यात ते कमी पडले आणि एका कामावरून दुसऱ्यावर जाण्यातही कमी पडले. सवयीने असे झाले की मुळात असे होते म्हणून सवय लागली हे त्यावरून ठरत नाही, ते मान्य. पण सरावाने हात बसतो ही जी आपली समजूत आहे तिला तिथे आधार मिळाला नाही. त्याच वर्षी सोफी लेरॉय या संशोधक बाईंनी दाखवलं की एक काम अर्धं टाकून दुसऱ्याकडे गेलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच चिकटून राहतो. दूध ओतल्यावर भांड्याला साय राहते तसं म्हणा. मग दुसऱ्या कामाला आपण जे देतो ते पूर्ण दूध नसतंच.

कोणी म्हणेल की काही लोकांना जमतं. हो, जमतं. २०१० मधे अमेरिकेत २०० जणांना गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर बसवून सोबत फोनवर पाठांतर आणि गणितं दिली होती, त्यात २.५ टक्के लोकांचं काहीच बिघडलं नाही. २०० मधले पाच. आपल्यातला प्रत्येक जण स्वतःला त्या पाचात धरतो, ही खरी अडचण आहे.

आपल्याकडे एक शब्द मात्र फार चुकीचा वापरला जातो, अष्टावधानी. कोणी बाई घर, नोकरी, पोरं, सासूचं दुखणं सगळं सांभाळते म्हटलं की भाषणात म्हणतात, स्त्री ही अष्टावधानी असते. अहो, अवधान म्हणजे लक्ष. भर सभेत अवधानाची कला दाखवणारा अवधानी माणूस आठ जणांचे प्रश्न घेतो पण एकेकाकडे वळून घेतो, ज्याच्याकडे वळला त्याला पूर्ण देतो, आणि बाकीचं डोक्यात तंतोतंत धरून ठेवतो, त्यासाठी वर्षानुवर्षं साधना करतो. आणि त्याला सभा शांत मिळते. इकडे सकाळी साडेसातला माझ्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर पोळी, दुसरीवर भाजी, नळ येऊन गेला तर कूलरची टाकी भरायची राहील म्हणून पाइप लावलेला, कचरागाडीचं गाणं गल्लीत आलेलं, "आई माझा आयडी कार्ड", आणि फोनवर साहेबांचं "जरा तो आकडा पाठवा ना". याला अवधान म्हणत नाहीत, ही ओढाताण आहे, आणि टाळ्या वाजवल्याने ती कमी होत नाही. उलट टाळ्या वाजल्या की कोणी पाइप धरायला पुढे येत नाही.

लग्नात मंगलाष्टकांच्या शेवटी आपण सावधान म्हणतो. स-अवधान. लक्ष देऊन. नुसतं जपून राहा एवढाच त्याचा अर्थ नाही, पूर्ण लक्षाने इथे असा असं ते सांगणं आहे. आपल्या भाषेने धोक्याची सूचना आणि लक्ष देणं यांना एकच शब्द ठेवला, हे मला नेहमी फार मोलाचं वाटतं.

रस्त्यावर तर हा शब्द अक्षरशः जिवाचा आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात बाया-मुली स्कार्फ बांधून गाडी चालवतात, त्या स्कार्फच्या घडीत कानाशी फोन खोचलेला शंकर नगर चौकात कोणत्याही दुपारी बघायला मिळतो, आणि पुरुषांचा हेल्मेटमधे खोचलेला असतो. विचारलं तर उत्तर ठरलेलं, हात तर मोकळे आहेत ना. पण अडचण हाताची नाहीच. डेव्हिड स्ट्रेयर यांनी युटा विद्यापीठात २००१ मधे दाखवलं की फोन हातात धरला काय आणि हँड्सफ्री असला काय, बोलणारा चालक सिग्नल सारखेच चुकवतो. डोळे समोर असतात पण समोरचं मेंदूपर्यंत पोचत नाही. २००६ मधे त्यांच्याच अभ्यासात फोनवर बोलणाऱ्यांची तुलना तिकडच्या कायदेशीर मर्यादेएवढी दारू प्यायलेल्या चालकांशी केली, आणि धोका त्याच तोडीचा निघाला. आपल्या मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने चालवताना हातातला फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगच्या १८४ कलमात आणलं, पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० पर्यंत दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. चांगलं झालं. पण कायदा हाताकडे बघतो, डोक्याकडे बघू शकत नाही. आणि जो डिलिव्हरीवाला पोरगा गाडीवर मॅप बघतो, ऑर्डर घेतो, गिऱ्हाइकाला "दोन मिनिटात आलो मॅडम" सांगतो, त्याला दंड लावून आपण मोकळं व्हायचं का? त्याला फोन कोण करतं? आपणच. तो चौकात असताना मी आता करत नाही, खालीच जाऊन उभी राहते. एवढं तर आपल्या हातात आहे.

माझी मोठी बहीण जिल्ह्यातल्या एका खेड्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. तिने सांगितलेला प्रसंग. तिसरीचा वर्ग, एक पोरगी फळ्यापाशी, ४७ अधिक ३८ करते आहे. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिला, एक हातचा... आणि ताईचा फोन वाजला, साडेअकराच्या आत खिचडीचा फोटो आणि हजेरीचा आकडा टाका. ताई फोटो काढायला गेली, परत आली तर पोरीने ७५ लिहून ठेवलं होतं आणि खडू घेऊन तशीच उभी होती. तिचा हातचा राहिला. ताई म्हणते, "तिचा नाही गं, माह्यामुळे राह्यला." शिक्षण हक्क कायदा, २००९, त्याच्या २७ व्या कलमात स्पष्ट लिहिलं आहे की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना शिक्षणाबाहेरची कामं द्यायची नाहीत. मग फोटो, लिंक, अ‍ॅपवरची नोंद हे त्यात बसतं की नाही यावर वाद घालत बसता येईल, पण वर्ग चालू असताना ते मागायचं नाही एवढं ठरवायला कोणता कायदा लागतो? शाळा सुटल्यावर मागा. वॉर्डात सलाइन लावणाऱ्या सिस्टरला, बँकेत नोटा मोजणाऱ्या कॅशियरला आपण असंच मधे तोडतो आणि मग चूक झाली की त्यांच्यावरच ओरडतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं की बाई, हळू चालणं हे पोट भरलेल्यांचं काम आहे, आम्हाला परवडत नाही. मी हे उत्तर हलकं समजत नाही, कारण मीही ईएमआय भरते. पण उड्या मारल्याने काम लवकर होतं हे गृहीतच खरं नाही, वर तेच तर सांगून राहिले. माझे १८,००० शोधण्यात गेलेले दोन दिवस कोणी मोजले? मीटिंग एक तासाची होती. आणि दुसरं, ज्यांच्याकडे काम नव्हतं असे लोकच थांबायचे असंही नाही. आपल्यापासून पाऊण-शंभर किलोमीटरवर सेवाग्राम आहे, १९३६ पासून गांधीजींचा मुक्काम तिथे होता, जगभरातली पत्रं आणि माणसं तिथे येऊन पडायची, आणि तरी सोमवारी त्यांचं मौन असायचं, कोणाला काही हवं असेल तर चिठ्ठीवर. देशाची चळवळ मागे असलेला माणूस आठवड्यातला एक दिवस बोलणं बंद ठेवू शकत होता, आणि आमचं ऑफिस दोन तास फोन बंद ठेवला तर बुडतं?

हळू होणं म्हणजे काम कमी करणंही नव्हे. कुकर लावून भाजी चिरली तर त्यात वाईट काय, शिट्टीला माझं डोकं लागत नाही. चालता चालता गप्पा माराव्यात, पाय आपोआप चालतात. भांडण आहे ते दोन विचार लागणाऱ्या कामांचं. ते सोबत ठेवले की दोन्हींचं वाटोळं, एक ना धड भाराभर चिंध्या, आपल्या आज्यांना हे प्रयोगशाळेशिवाय माहीत होतं. आणि या शहराला थांबणं काही नवीन नाही. मे महिन्यात पारा ४५ वर गेला की महाल-इतवारीत दुपारी शटर अर्धं खाली येतं, आत कूलर, माणसं आडवी, चारनंतर पुन्हा धंदा. कोणाला त्यात कमीपणा वाटला नाही. शरीर तापलं की थांबायचं हे आम्हाला पटतं, डोकं तापलं की थांबायचं हे मात्र अजून पटत नाही.

मी रोज सुभाष नगरहून मेट्रोने जाते. अ‍ॅक्वा लाइनवर अंबाझरीच्या काठाने गाडी जाते, पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरलेला, सकाळचं ऊन पाण्यावर. काही क्षणांचीच गोष्ट आहे. डब्यात एकाची मान वर नसते, माझीही नसायची, मी तेवढ्यात तीन मेसेज उरकायची. आता तेवढा वेळ बघते. त्या तीन मेसेजचं काही अडलेलं मला आठवत नाही.

पण एकेकट्याने तलाव बघून हा प्रश्न सुटणार नाही हेही मला माहीत आहे, कारण भार टाकणारे हात दुसरीकडे आहेत. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क चर्चेला घ्यायला लावला, ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मधे तसा कायदा लागू केला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मधे लोकसभेत याच विषयावर खासगी, म्हणजे सरकारने न आणता खासदाराने स्वतः आणलेलं, विधेयक मांडलं होतं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे काय होतं ते उघड आहे, १९७० नंतर त्यातलं एकही संसदेत पास होऊन कायदा झालेलं नाही. तरी विषय मांडला गेला हे महत्त्वाचं, आणि तो पुन्हा पुन्हा मांडला गेला पाहिजे, सरकारनेच मांडला पाहिजे. माझी तर मागणी त्याच्याही पुढची आहे, सुटल्यानंतरचा हक्क तर हवाच, पण कामाच्या तासातसुद्धा ज्या कामात चूक महाग पडते तिथे मधे न तोडण्याचा नियम हवा. आणि नोकरीच्या जाहिरातीतून ते "मल्टिटास्किंग करता आलं पाहिजे" काढा. त्याचा साधा अर्थ दोन माणसांचं काम एकाला देणार आहोत असा असतो.

आमच्या ऑफिसमधे मी साहेबांना ते व्याजाचं चलन दाखवून एवढंच मागितलं होतं, दर महिन्याच्या १८, १९ आणि २० ला अकरा ते एक माझा फोन ड्रॉवरमधे राहील आणि मीटिंगला मी नसेन. दोन महिने गेले हो म्हणायला. आता बाकीच्या दोघीही तसंच करतात. चुका शून्य झाल्या असं मी म्हणणार नाही, एकदा झाली, पण त्याच दिवशी सापडली.

आणि मी शीट प्रिंट करून घेते, ओळीखाली फूटपट्टी ठेवते. मागच्या महिन्यात घरी काम आणलं होतं, डायनिंग टेबलवर रकाना तपासत होते, मुलगा येऊन "आई, ऐक ना" म्हणाला आणि माझा डावा हात आपोआप वर गेला. तो थांबला. मी रकाना संपवला, आकडा लिहिला, खुर्ची त्याच्याकडे वळवली आणि म्हटलं, "बोल." वर्गात भांडण झालं होतं, डब्यावरून सुरू झालेलं, मग त्यात कोण कोणाला काय म्हणालं, कोण आता बोलत नाही, सर कोणाच्या बाजूने बोलले, सगळं त्याला सांगायचं होतं आणि त्याला बराच वेळ लागला. मधे फोन दोनदा वाजला. फूटपट्टी त्याच ओळीवर होती.